मृदू क्ष-किरण सूक्ष्मदर्शक: पेशी आणि चुंबकीय थर टिपण्याची कार्यपद्धती

मृदू क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शकाकडे वळणारे संशोधक साधारणपणे दोन गटांतले असतात. पहिल्या गटाला न कापलेली, न रंगवलेली, पाण्यासकट गोठवलेली संपूर्ण पेशी आतून पाहायची असते. दुसऱ्याला लोखंड, कोबाल्ट किंवा निकेल असलेल्या पातळ थरातले चुंबकीय डोमेन (एकाच दिशेने चुंबकित झालेले छोटे भाग) आणि बाह्य क्षेत्र बदलल्यावर होणारी त्यांची हालचाल पाहायची असते. यंत्राचा गाभा दोघांसाठी सारखाच असला, तरी दोघांच्या गरजा बहुतेक बाबतींत परस्परविरोधी आहेत, आणि हे लक्षात न घेता एकाची पद्धत दुसऱ्याने उचलली की बीमटाइम, म्हणजे यंत्रावर मिळालेला मोजका वेळ, वाया जातो. म्हणून या लेखात दोन्ही कामे शेजारी शेजारी ठेवून, नमुना तयार करण्यापासून ते विभेदनक्षमता (किती बारीक तपशील वेगळे दिसतात) लिहून काढण्यापर्यंत, क्रमाने मांडली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: झोन प्लेट (क्ष-किरणांसाठी भिंगाचे काम करणारी चकती) निवडताना तिच्या बारीकपणाचा उपलब्ध असलेला सर्वांत लहान आकडा शोधू नये, नमुन्याची जाडी पाहावी.

उदाहरणासाठी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील दोन यंत्रे डोळ्यांसमोर ठेवू. तिथल्या १.९ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या ॲडव्हान्स्ड लाइट सोर्स या सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉन वलयात फिरवून क्ष-किरण निर्माण करणाऱ्या यंत्रावर) वर्नर मायर-इल्झे यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात एक्सएम-१ हा सूक्ष्मदर्शक उभा राहिला. सुरुवातीला त्यावर पेशींचे काम झाले, हिवतापाच्या परोपजीवीने ग्रासलेल्या तांबड्या रक्तपेशींची चित्रे त्यावर काढली गेली, आणि पुढे पीटर फिशर यांच्या गटाने त्याला चुंबकीय चित्रणाचे प्रमुख साधन बनवले. पेशींसाठी नंतर एक्सएम-२ हा स्वतंत्र सूक्ष्मदर्शक कॅरोलिन लाराबेल आणि मार्क ल ग्रो यांनी उभारला. युरोपात बर्लिनच्या बेसी-२, बार्सिलोनाच्या आल्बा आणि इंग्लंडच्या डायमंड या सिंक्रोट्रॉनांवर याच धर्तीची पेशी-चित्रणाची केंद्रे आहेत. या साऱ्यांमागे ग्योटिंगेन येथे ग्युंटर श्माल यांनी १९७० च्या दशकापासून केलेले झोन प्लेटचे काम आहे.

आधी कागदावरचे गणित

क्ष-किरणांसाठी काचेचे भिंग चालत नाही, कारण या तरंगलांबीला सर्वच पदार्थांचा अपवर्तनांक एकाच्या अगदी जवळ असतो आणि किरण वळण्याऐवजी शोषले जातात. त्याऐवजी झोन प्लेट वापरतात. ही सोने किंवा निकेलच्या एककेंद्री कड्यांची चकती असून बाहेरच्या दिशेने कडी अरुंद होत जातात. सर्वांत बाहेरच्या कड्याची रुंदी हा तिचा कळीचा आकडा. चकतीचा व्यास गुणिले बाह्य कड्याची रुंदी भागिले तरंगलांबी म्हणजे तिचे नाभीय अंतर. बाह्य रुंदीची सुमारे १.२२ पट म्हणजे विभेदनक्षमतेचा अंदाज. आणि बाह्य रुंदीच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी इतके अंतर नाभीच्या पुढे व तितकेच मागे चित्र स्पष्ट राहते. ही तीन सूत्रे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत, कारण पुढचे जवळजवळ सर्व निर्णय त्यांतूनच निघतात.

६३ मायक्रोमीटर व्यासाची आणि २५ नॅनोमीटर बाह्य रुंदीची झोन प्लेट घ्या. पेशींसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ५१७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला तरंगलांबी २.४ नॅनोमीटर असते. नाभीय अंतर सुमारे ६५६ मायक्रोमीटर येते, म्हणजे नमुना आणि भिंग यांच्यात एक मिलिमीटरसुद्धा जागा नसते; नमुनाधारक, थंड वायूची नळी किंवा चुंबकाचे ध्रुव त्या जागेत बसतात का, हे आधीच तपासावे लागते. स्पष्टतेची खोली येते नाभीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मायक्रोमीटर. आता हीच आकडेमोड ६० नॅनोमीटरच्या झोन प्लेटसाठी केली तर खोली दोन्ही बाजूंना ३ मायक्रोमीटर, म्हणजे एकूण ६ मायक्रोमीटर निघते. यीस्टची पेशी सुमारे ५ मायक्रोमीटरची असते. टोमोग्राफीचे, म्हणजे अनेक कोनांतल्या चित्रांवरून त्रिमितीय पुनर्रचना करण्याचे, गणित असे गृहीत धरते, की प्रत्येक चित्र म्हणजे नमुन्याच्या संपूर्ण जाडीचा स्पष्ट प्रक्षेप आहे. २५ नॅनोमीटरच्या झोन प्लेटने यीस्ट टिपली तर पेशीचा मोठा भाग प्रत्येक चित्रात धूसर असतो आणि पुनर्रचना त्या धूसरपणालाच रचना समजून बसते. म्हणूनच पेशींच्या टोमोग्राफीत ५० ते ६० नॅनोमीटरच्या झोन प्लेट वापरल्या जातात. ही तडजोड आहे असे मला वाटत नाही. त्या नमुन्यासाठी तीच योग्य निवड आहे.

चुंबकीय थराला ही अडचण नसते. तो फार तर १०० नॅनोमीटर जाड असतो आणि अरुंद कड्यांच्या झोन प्लेटचा पुरेपूर फायदा घेऊ शकतो. बर्कलीच्या गटाने २००५ मध्ये १५ नॅनोमीटरपेक्षा सूक्ष्म आणि २०१२ मध्ये १० नॅनोमीटरची विभेदनक्षमता दाखवली, पण ती क्रोमियम-सिलिकॉनसारख्या थरांच्या पातळ काटछेदावर, म्हणजे भरपूर कॉन्ट्रास्ट असलेल्या कसोटी-नमुन्यावर. आपल्या नमुन्यात तेवढा कॉन्ट्रास्ट क्वचितच असतो.

यंत्राचा प्रकारही याच टप्प्यावर ठरवावा. पूर्ण-क्षेत्र सूक्ष्मदर्शकात झोन प्लेट नमुन्याच्या पुढे असते आणि सारे चित्र एकदम कॅमेऱ्यावर पडते; स्कॅनिंग सूक्ष्मदर्शकात ती नमुन्याच्या आधी असते आणि केंद्रित ठिपका नमुन्यावरून बिंदू-बिंदू फिरवला जातो. साध्या, प्रकाश अडवणाऱ्या कड्यांच्या झोन प्लेटची सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे १० टक्केच असल्याने पूर्ण-क्षेत्र पद्धतीत नमुन्यातून गेलेले बहुतेक फोटॉन चित्रात पोहोचतच नाहीत, पण त्यांच्या किरणोत्साराची मात्रा नमुन्याला मात्र भोगावी लागते. मात्रेला नाजूक असलेल्या नमुन्याचा प्रत्येक बिंदूवर पूर्ण वर्णपट हवा असेल तर स्कॅनिंग यंत्र निवडावे. शेकडो कोनांतून किंवा शेकडो क्षेत्र-पायऱ्यांवर झटपट चित्रे हवी असतील तर पूर्ण-क्षेत्र. पुढचे वर्णन पूर्ण-क्षेत्र यंत्राचे आहे.

पेशींचा नमुना

कार्बनची शोषणकडा (ज्या ऊर्जेला शोषण एकदम वाढते ती) २८४ आणि ऑक्सिजनची ५४३ इलेक्ट्रॉनव्होल्टला येते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात पाणी बरेच पारदर्शक राहते आणि कार्बन-नायट्रोजनयुक्त पदार्थ जोरात शोषण करतात. ५१७ इलेक्ट्रॉनव्होल्टला बर्फाचा रेषीय शोषणांक दर मायक्रोमीटरला सुमारे ०.१०९ आणि घन प्रथिनाचा सुमारे १.३५ मानला जातो. म्हणजे १० मायक्रोमीटर बर्फातून अजून एक-तृतीयांश प्रकाश बाहेर पडतो, तर एकाच मायक्रोमीटर प्रथिनातून पाव भागाच्या थोडा वर. जड धातूंचे रंग न वापरता दिसणारा कॉन्ट्रास्ट येतो तो इथून.

पेशी जोमाने वाढत असताना, म्हणजे घातांकी वाढीच्या टप्प्यात, काढाव्यात. पोषकद्रव्य धुऊन टाकून दाट लगदा करावा. एक्सएम-२ वर तो अत्यंत पातळ भिंतीच्या काचेच्या केशनळीत भरतात, जिचे टोक पेशीपेक्षा थोडेसेच रुंद असते. केशनळीचा मोठा फायदा असा, की ती १८० अंश पूर्ण फिरवता येते आणि प्रत्येक कोनातून नमुन्याची जाडी तेवढीच राहते. पसरट चिकटून वाढणाऱ्या पेशी मात्र केशनळीत भरण्यासाठी सोडवल्या तर त्यांचा आकारच बदलतो; त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या सपाट जाळीवर वाढवाव्यात आणि त्याबरोबर येणारी मर्यादा मान्य करावी. ती मर्यादा किती कडक आहे ते पाहा. १० मायक्रोमीटर जाडीचा सपाट बर्फ ७० अंशांनी कलला की किरणाला सुमारे २९ मायक्रोमीटर अंतर कापावे लागते आणि केवळ ४ टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो. म्हणून गोठवण्यापूर्वी टिपकागदाने जादा पाणी काढण्यात कसर ठेवू नये, आणि त्यापलीकडचे कोन मिळणारच नाहीत हे धरून चालावे.

गोठवताना नमुना थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवू नये. त्याच्याभोवती लगेच वायूचे आवरण तयार होते, उष्णता हळू निघते आणि पाण्याचे स्फटिक बनून पेशीतील पटले फाटतात. द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या द्रव प्रोपेन किंवा ईथेनमध्ये झटक्यात बुडवल्यास पाणी काचेसारखे अस्फटिक गोठते. हे द्रव ज्वालाग्राही आहेत. धूरपेटी, ठिणगीमुक्त जागा आणि प्रशिक्षित सोबती यांशिवाय हे काम करू नये. एकदा गोठवलेला नमुना शेवटपर्यंत उणे १४० अंश सेल्सिअसच्या खालीच राहिला पाहिजे. डब्यातून डब्यात हलवताना काही सेकंदांचा हलगर्जीपणाही पुरतो, आणि हवेतली आर्द्रता हिमकण होऊन नमुन्यावर बसते ती वेगळीच. नमुना गोठलेला ठेवण्याचे दुसरे कारण किरणोत्साराची मात्रा हे आहे. एका चांगल्या चित्रालाच दहा लाख ग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) किंवा अधिक मात्रा लागते. ओली पेशी त्यात टिकत नाही, अस्फटिक बर्फातली मात्र संपूर्ण कोनमालिका सहन करते.

केशनळीच्या किंवा जाळीच्या पृष्ठभागावर सुमारे १०० नॅनोमीटरचे सोन्याचे कण आधीच बसवावेत. पुढे सर्व कोनांतली चित्रे एकमेकांशी जुळवताना हेच कण खुणांचे काम करतात. प्रतिदीप्त प्रथिनाची जागा शोधायची असेल, तर त्याच गोठलेल्या नमुन्याचे शीत प्रकाशसूक्ष्मदर्शकाने घेतलेले चित्र सोबत असावे.

चुंबकीय नमुना

येथे आधार म्हणून सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन नायट्राइडचा पडदा वापरतात, कारण किरण आरपार जायला हवेत. शुद्ध लोखंडाच्या एल-३ शोषणकडेवर, म्हणजे ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्टला, सुमारे २० नॅनोमीटरमध्येच तीव्रता एक-तृतीयांशाच्या आसपास येते; त्यामुळे शुद्ध लोखंडाचा थर ५० नॅनोमीटरच्या आत ठेवावा. पर्मॅलॉय या निकेल-लोखंड मिश्रधातूमध्ये लोखंड सुमारे एक-पंचमांशच असल्याने तिथे १०० नॅनोमीटरपर्यंत जाता येते. कोबाल्टची एल-३ कडा ७७८ आणि निकेलची ८५३ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे; मिश्रधातूत ज्या मूलद्रव्याचा चुंबकीय वाटा वेगळा काढायचा असेल, त्याच्या कडेवर बसावे. ही मूलद्रव्यनिष्ठ निवड हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. प्रकाशच आत आणि प्रकाशच बाहेर असल्याने कितीही बाह्य चुंबकीय क्षेत्र लावले तरी प्रतिमा विचलित होत नाही, हे दुसरे. इलेक्ट्रॉनांवर आधारलेल्या पद्धतींना ही मोकळीक नसते.

बीमटाइमचा अर्ज लिहिण्यापूर्वी थराचा शोषण-वर्णपट हातात असणे फार उपयोगी पडते, कारण वरच्या पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण झाले असेल तर ते त्यात लगेच दिसते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर मृदू क्ष-किरण शोषणाची बीमलाइन (किरण प्रयोगापर्यंत आणणारी वाट) आहे, आणि मुंबई-पुण्याच्या गटांसाठी ती एका रात्रीच्या प्रवासावर आहे. परदेशी वेळ मागण्याआधी हे मोजमाप तिथे करून घ्यावे.

बीमलाइनवरचे पहिले तास

ऊर्जेची खातरजमा आधी करावी. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा प्रमाण मानू नये. ज्ञात मूलद्रव्याच्या थरावर शोषणकडा मोजून आकड्यातला फरक काढावा. मग कसोटी-नमुना, साधारणपणे आऱ्यांचा तारा (मध्याकडे बारीक होत जाणाऱ्या आऱ्यांची आकृती), लावून फोकसची मालिका घ्यावी आणि त्या दिवशी यंत्र प्रत्यक्षात किती बारीक आरे वेगळे दाखवते ते नोंदवावे.

झोन प्लेटचे नाभीय अंतर ऊर्जेच्या समप्रमाणात वाढते, ही गोष्ट नवख्या माणसाला सर्वाधिक नडते. वरचीच झोन प्लेट ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे ८९८ मायक्रोमीटरवर नाभी आणते. लोखंडाची एल-२ ही शेजारची कडा ७२० ला आहे. फरक फक्त १३ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, पण नाभी सुमारे १६ मायक्रोमीटर पुढे सरकते, आणि स्पष्टतेची खोली मात्र दोन्ही बाजूंना ०.७ मायक्रोमीटरच असते. म्हणजे ऊर्जा बदलून झोन प्लेट न हलवता घेतलेले चित्र निरुपयोगी. नाभीय अंतर बदलले की विवर्धनही किंचित बदलते, म्हणून दोन ऊर्जांची चित्रे वजा करण्यापूर्वी त्यांचे माप सारखे करून घ्यावे लागते.

विवर्धन २,५०० पट आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल १३.५ मायक्रोमीटर असेल तर नमुन्यावर एक पिक्सेल ५.४ नॅनोमीटरचा पडतो, आणि २,०४८ पिक्सेलांच्या कॅमेऱ्यावर ११ मायक्रोमीटरचे क्षेत्र मावते. अपेक्षित विभेदनक्षमतेत किमान दोन, शक्यतो तीन पिक्सेल बसावेत. प्रत्येक संचाबरोबर किरण बंद ठेवून एक काळे चित्र आणि नमुना बाजूला काढून एक कोरे चित्र घ्यावे, आणि प्रत्येक चित्रासोबत साठवण-वलयात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नोंदवावा.

चुंबकीय चित्रण

वर्तुळाकार ध्रुवित किरणांचे शोषण चुंबकनाच्या दिशेवर अवलंबून असते. गिसेला श्युट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रथम दाखवलेला हा वर्तुळाकार द्विवर्णता परिणाम आपला कॉन्ट्रास्ट पुरवतो. वळण-चुंबकाच्या (इलेक्ट्रॉनांची कक्षा वळवणाऱ्या चुंबकाच्या) स्रोतात कक्षेच्या पातळीतला प्रकाश रेषीय ध्रुवित असतो. पातळीच्या वरचा भाग एका दिशेने आणि खालचा विरुद्ध दिशेने फिरणारा असतो. किरणाचा भाग निवडणारी फट जितकी वर न्यावी तितके ध्रुवण सुधारते आणि तीव्रता घटते, त्यामुळे मधली जागा शोधावी लागते.

परिणाम दिसतो तो चुंबकनाच्या किरण-दिशेतल्या घटकाचा. थराला लंब चुंबकन असलेल्या कोबाल्ट मिश्रधातूंसाठी नमुना किरणाला सरळ काटकोनात ठेवावा. चुंबकन थराच्या पातळीत असेल तर नमुना सुमारे ३० अंशांनी कलवावा, तेव्हा त्या चुंबकनाचा निम्मा भाग किरणाच्या दिशेत येतो. पर्मॅलॉयच्या चकतीतला चुंबकीय भोवरा (चुंबकन मध्याभोवती गोल फिरते ती रचना) हे याचे सुरेख उदाहरण आहे: कलवलेल्या स्थितीत चकतीचा अर्धा भाग काळा आणि अर्धा पांढरा दिसतो, त्यावरून भोवरा कोणत्या बाजूने फिरतो ते कळते, सरळ स्थितीत तीच चकती करडी होते आणि मधोमध गाभ्याचा एक बारीक काळा किंवा पांढरा ठिपका उरतो, त्यावरून गाभा वर आहे की खाली हे कळते. दोन्ही स्थितींतली चित्रे मिळाल्यावरच त्या चकतीची अवस्था पूर्ण समजते. एक्सएम-१ वरच्या अशाच निरीक्षणांतून मी-यंग इम आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भोवरे तयार होताना दिसणारा सममितीभंग मांडला.

कच्च्या चित्रात चुंबकीय कॉन्ट्रास्ट सहसा नजरेत भरत नाही; झोताची असमानता, थरावरची धूळ आणि पडद्याच्या सुरकुत्या त्याहून ठळक दिसतात. म्हणून थर एका दिशेने पूर्ण संपृक्त करून संदर्भ-चित्र घ्यावे आणि पुढच्या प्रत्येक चित्राला त्याने भागावे. जे चुंबकीय नाही ते दोन्ही चित्रांत सारखे असल्याने नाहीसे होते. दिसलेले चुंबकीयच आहे याची खात्री करण्यासाठी ध्रुवणाची दिशा उलटावी, किंवा एल-२ कडेवर जावे. दोन्ही बाबतींत काळ्याचे पांढरे झाले पाहिजे. होत नसेल तर ती रचना चुंबकीय नाही.

किती चित्रे जमवायची, याचाही हिशेब आहे. कॉन्ट्रास्ट ५ टक्के असेल आणि तो गोंगाटाच्या पाचपट उठून दिसावा असे वाटत असेल, तर दर पिक्सेलला १०,००० फोटॉन लागतात. पण ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक फोटॉन सिलिकॉनमध्ये सुमारे १९० इलेक्ट्रॉन मोकळे करतो. पिक्सेलची क्षमता एक लाख इलेक्ट्रॉन धरली तर ५०० च्या आसपास फोटॉनांतच तो भरून जातो. एकच लांब एक्सपोजर देऊन काम भागत नाही. वीस चित्रांची बेरीज करावी, किंवा २ गुणिले २ पिक्सेल एकत्र करून पाच चित्रांत भागवावे, आणि बेरजेपूर्वी प्रत्येक चित्राचे सरकणे दुरुस्त करावे. गुणोत्तर घेताना संदर्भ-चित्राचा गोंगाटही मिसळतो, म्हणून संदर्भासाठी चित्रांची संख्या थोडी जास्तच ठेवावी.

वेगवान बदल टिपायचे असल्यास सिंक्रोट्रॉनच्या स्पंदांचा उपयोग होतो. ॲडव्हान्स्ड लाइट सोर्समध्ये इलेक्ट्रॉनांचे दोनच पुंजके फिरवले की सुमारे ७० पिकोसेकंदांचे स्पंद ३२८ नॅनोसेकंदांच्या अंतराने येतात. प्रत्येक स्पंदाबरोबर विद्युत-धक्का देऊन आणि दोहोंतला विलंब बदलत नेऊन हालचालीची मालिका मिळते. एका स्पंदातून मिळणारे फोटॉन चित्रासाठी फारच अपुरे असल्याने लक्षावधी पुनरावृत्तींची बेरीज होते. त्यामुळे दरवेळी जसेच्या तसे घडणारेच यात दिसते; यादृच्छिक घडामोडी पुसल्या जातात, आणि चित्रात काही दिसले नाही म्हणून काही घडलेच नाही असे म्हणता येत नाही.

पेशींची कोनमालिका आणि पुनर्रचना

केशनळीतील पेशी १८० अंश फिरवत दर २ अंशांनी चित्र घेतले तर ९० चित्रे होतात. क्राउदर यांच्या निकषानुसार लागणारी चित्रसंख्या म्हणजे व्यास गुणिले पाय भागिले विभेदनक्षमता. ५ मायक्रोमीटरच्या पेशीला ५० नॅनोमीटरसाठी ती ३१४ येते. एक अंशाची पायरी हा बहुतेक कामांसाठी चांगला मध्य आहे. मालिका संपल्यावर पहिल्या कोनाचे चित्र पुन्हा घ्यावे आणि सुरुवातीच्या चित्राशी ताडून पाहावे: कडा मऊ झाल्या असतील किंवा पेशी आक्रसली असेल, तर मात्रेने नमुना बदलला आहे आणि ती मालिका बाजूला ठेवावी.

प्रत्येक चित्रातून काळे चित्र वजा करून, कोऱ्या चित्राने भागून, त्याचा ऋण लॉगरिदम घ्यावा. सोन्याच्या कणांवरून चित्रे जुळवावीत आणि मगच पुनर्रचना करावी. जुळवणीतली चूक पुनर्रचनेच्या कोणत्याही रीतीने भरून निघत नाही. तयार घनचित्रातील प्रत्येक बिंदूची किंमत हा शोषणांक असतो, नुसती करडी छटा नव्हे. पेशीबाहेरच्या बर्फाचा अंक ०.१०९ च्या जवळ येतो का, ते आधी पाहावे. तो नीट आला की आतल्या अंकांवर विश्वास ठेवता येतो: मेदाचे थेंब सर्वांत ठळक, रिक्तिका पाण्याच्या जवळच्या, केंद्रक आणि सूत्रकणिका मधल्या. या अंकांच्या आधारे अवयवांच्या सीमा आखल्या तर वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या पेशींची तुलना करता येते.

विभेदनक्षमता लिहिताना झोन प्लेटच्या बाह्य कड्याची रुंदी तशीच उतरवू नये. कोनमालिकेतील सम आणि विषम चित्रांपासून दोन स्वतंत्र पुनर्रचना कराव्यात, त्यांचा वारंवारतेनुसार सहसंबंध काढावा, आणि तो कोणत्या अंतरावर ढळतो ते निकषासह नमूद करावे. चुंबकीय चित्रांसाठी एखाद्या कडेवरून छेद घेऊन तीव्रता १० वरून ९० टक्क्यांवर किती अंतरात जाते ते द्यावे. त्याच परिच्छेदात ऊर्जा, झोन प्लेटची मापे, पिक्सेलचे माप, कोनाची पायरी, बेरजेतील चित्रांची संख्या आणि नमुन्याचे तापमान किंवा लावलेले क्षेत्र लिहावे, आणि काळी, कोरी व संदर्भ चित्रे कच्च्या फायलींसोबतच जपून ठेवावीत.